पाला आणि पथ्य

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्यांत पाच वैद्य भेटतात. पदवी कुणाकडेच नाही, पाला सगळ्यांकडे. 'कडुनिंबाचा रस घ्या, साखर पळते.' पळते खरी, परतीच्या वाटेवर जिलबीच्या कढईपर्यंत!

गुडमारची पानं चघळली की त्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेला काही वेळ गोड कळूच देत नाहीत. रक्ताला मात्र कळतं.

आणि ज्या मेटफॉर्मिनला आमचे काका 'केमिकल' म्हणून नाक मुरडतात, त्याची कुळकथा गलेगा नावाच्या युरोपीय रोपापाशी पोचते. त्यातलं द्रव्य फार विषारी, म्हणून प्रयोगशाळेत घडवलेलं त्याचं सौम्य भावंड 1957 साली फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी मधुमेहासाठी पुढे आणलं. काकांना हे सांगितलं. म्हणाले, 'मग गोळी कशाला? पालाच आण की!'