अनुपालन लिहिणाऱ्या साहेबांस खुले पत्र

प्रति,
अनुपालन अहवालावर सही करणारे साहेब,
अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषदा आणि महापालिका.



पत्रावर तुमचं नाव घातलेलं नाही. तुमची तीन वर्षांनी बदली होते आणि त्या खुर्चीवर येणारा पुढचा माणूस तुमचाच मजकूर जसाच्या तसा पुढे चालवतो. तेव्हा तो येईल त्यालाही हे पत्र लागू समजा.

लेखापरीक्षणाचा तो आडवा कागद मी पाहिलेला आहे. चार रकाने: अनुक्रमांक, आक्षेप, अनुपालन (म्हणजे आक्षेपाला दिलेलं उत्तर), शेरा. आक्षेपाच्या रकान्यात लेखापरीक्षक लिहितो, पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल पावडरची खरेदी दाखवली आहे, साठा नोंदवहीत आवक नाही. नळयोजनेच्या दुरुस्तीचं बिल निघालं आहे, मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही. शेजारी तुम्ही लिहिता, ‘नोंद घेण्यात आली. यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ शेऱ्याचा रकाना कोरा. पुढच्या वर्षी पान नवं, आक्षेप तोच आणि दक्षताही तीच. पावडर गावात आली होती का, टाकीत पडली का, आली नसेल तर पैसे कुणाकडून वसूल केले, यातल्या एकाही प्रश्नाला तुमच्या त्या ओळीत उत्तर नाही. काहून नाही, साहेब? विचारणाऱ्याने तर साध्या मराठीतच विचारलं होतं.

तुम्ही म्हणाल, पावडरच्या चार पोत्यांसाठी एवढं कशाला? मग जुलै 2022 आठवा. मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यातलं पाचडोंगरी आणि शेजारचं कोयलारी. वीजबिल थकलं म्हणून नळयोजनेची वीज तोडलेली होती, आणि लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं. कॉलऱ्याची साथ आली, घराघरांत माणसं आजारी पडली, काही दगावली. मेळघाटावर तोवर समित्या कमी बसल्या नव्हत्या, शिफारशींचे गठ्ठेही कमी नव्हते. पाणी शुद्ध करा, योजना बंद पडू देऊ नका, वीजबिलाची तरतूद आधी करा, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. प्रत्येक तपासणीत ते लिहिलेलं असतं आणि प्रत्येक तपासणीला तुमचं उत्तरही गेलेलं असतं. तुमचा कागद वेळेवर पोचला, पाणी पोचलं नाही.

आपल्याकडे पाण्याची तपासणी दरवर्षी होते. आरोग्य विभागाची माणसं विहीर, टाकी, नळ बघतात आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. शाळेतल्या पोरालाही कळेल अशी ही पद्धत आहे. मग ते लाल कार्ड कपाटात का ठेवता? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लावत नाही? पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूरकडच्या बाया खारं पाणी म्हणजे काय ते जन्मापासून जाणतात. वान धरणावरून 84 खेड्यांची योजना निघाली ती याच तहानेपायी. या बायांपासून पाण्याचा अहवाल लपवण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

कायद्याने तर दिलेला नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधलं कलम 8 काढा. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत घ्यायची. तिच्यापुढे जमाखर्चाचं वार्षिक विवरण ठेवायचं, गेल्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल ठेवायचा, चालू वर्षाची कामं ठेवायची. आणि त्याच यादीत आहे शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरं. म्हणजे उत्तर लेखापरीक्षकाला पाठवून तुमचं काम संपत नाही. ते उत्तर गावापुढे ठेवणं हे कायद्याने सांगितलेलं काम आहे.

यावर तुमच्याकडे तोड तयार असते ती मला माहीत आहे. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तितकी माणसं लागतात. सोयाबीन-कपाशीच्या धावपळीत, भर उन्हात, दवंडी नीट न देता सभा बोलावली की गणपूर्ती होत नाही. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग आठ-दहा माणसांसमोर ‘विषय क्रमांक चार, लेखापरीक्षण अहवाल, वाचून कायम’ एवढं बोललं की झालं. सह्यांचा कागद नंतर घरोघर फिरतो. हे मी एका गावाचं सांगत नाही. ग्रामसभेला जाणाऱ्या कुठल्याही वऱ्हाडी माणसाला विचारा.

शहरांचं दुखणं वेगळं आहे, पण मूळ तेच. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळपास चार वर्षं स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, प्रशासकच सगळं. ज्या खुर्चीवर आक्षेप, तीच खुर्ची उत्तर लिहिणार आणि तीच ते मंजूर करणार. आता नगरसेवक सभागृहात बसले आहेत. त्या चार वर्षांचे आक्षेप आणि त्यांची उत्तरं त्यांनी एकेक करून सभागृहात मागवावीत. बाकीच्या ठरावांना नंतरही वेळ मिळेल.

वरून येणाऱ्या समित्यांचंही बोलतो. विधिमंडळाची पंचायती राज समिती येते तेव्हा अंगणवाडीला रंग लागतो आणि दवाखान्यात डॉक्टर हजर सापडतात. त्या एका दिवसापुरतं सगळं जमतं, याचाच अर्थ ते रोज जमण्यासारखं आहे! आणि समित्यांचा धाक कुठवर उरला तेही आपण पाहिलं. मे 2025 मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्यात धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीतून 1 कोटी 84 लाखांची रोकड निघाली. अशा बातम्या वाचल्यावर गावकऱ्याने कुणाच्या शिफारशीवर विश्वास ठेवायचा?

म्हणून दोन शब्द तुमच्या शेजारच्यांनाही: सरपंच, नगरसेवक आणि महापौर यांच्या संघटनांना. तुमची अधिवेशनं होतात, मानधनाचे आणि निधीचे ठराव होतात. मानधन वाढायलाच हवं, मी त्याच्या बाजूने आहे. पण एकमेकांचा कारभार तपासण्याचं काम तुम्ही का अंगावर घेत नाही? इंग्लंडमध्ये तिथल्या कौन्सिलांची, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांची, लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन नावाची सदस्य संघटना आहे. एका कौन्सिलचे लोकप्रतिनिधी आणि अधिकारी दुसऱ्या कौन्सिलमध्ये जाऊन काही दिवस राहतात, कारभार बघतात, माणसांशी बोलतात. अहवाल जाहीर होतो. त्या कौन्सिलने आपण काय करणार याचा आराखडा जाहीर करायचा असतो, आणि पुढे तीच मंडळी परत येऊन काय झालं ते बघतात. असंच परीक्षण त्या संघटनेने स्वतःचंही करून घेतलं आहे. तिथेही सगळं गोड नाही, काही कौन्सिलं दिवाळखोरीपर्यंत गेली. तरी शिफारस आणि तिचं उत्तर दोन्ही लोकांपुढे येतात, हे घेण्यासारखं आहे. दर्यापूर तालुक्यातल्या सरपंचाने अचलपूर तालुक्यातल्या गावात जावं, अकोल्याच्या नगरसेवकाने अमरावतीचा कचरा डेपो बघावा, यात अवघड काय आहे?

आणि हे काही बाहेरून शिकायची वेळ यावी असा आपला मुलूख नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागायचं. 2000-01 मध्ये तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचं नाव दिलं आणि हजारो गावं एकमेकांशी चढाओढ करत झाडून निघाली. ज्या गावांनी बक्षिसानंतरही सवय सोडली नाही ती आजही ओळखू येतात. बाकीच्या गावांत फलक उरला.

साहेब, तुमच्याकडे माझी मागणी एवढीच आहे: अनुपालनाच्या रकान्यात काम, तारीख, रक्कम आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. काम झालं नसेल तर ‘झालं नाही’ असं लिहा. खरं लिहिलेलं गावाला पचतं.

आणि वाचकहो, मे संपायच्या आत तुमच्या गावची आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा व्हायला हवी. तारीख ग्रामपंचायतीत जाऊन विचारून घ्या. तहकूब होऊ देऊ नका, शंभर माणसं घेऊन जा, बाया अर्ध्या असू द्या. लेखापरीक्षणाची टिप्पणी आणि तिची उत्तरं मोठ्याने वाचायला लावा, आणि वाचून होईपर्यंत सह्यांच्या कागदावर सही करू नका.

आपला,
एक वऱ्हाडी करदाता