प्रस्तावनेपुरता विद्वान

खताच्या दुकानात बसून ग्रंथ वाचायचा तर तो मधूनच उघडावा लागतो, कारण गिऱ्हाईकही मधूनच येतं. सोयाबीनच्या थैलीचा भाव सांगून परत बसावं तर खूण हरवलेली असते. मग जे पान समोर येईल ते आपलं. अशा रीतीनं एका हाताला सोलापूर आणि दुसऱ्या हाताला हैदराबाद ठेवून, जळकोटच्या हमरस्त्यावर मी साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा व्यासंग चालवला आहे. गावात बाकीच्या दुकानदारांना मालक म्हणतात, मला सर म्हणतात. भांडवल म्हणाल तर एक चष्मा आणि गल्ल्याशेजारी ठेवलेलं ‘गीतारहस्य’.

हा ग्रंथ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, 1910-11च्या हिवाळ्यात, चार-पाच महिन्यांत पेन्सिलीनं लिहून काढला. सहा वर्षांची शिक्षा भोगून ते परत आले, 1915 साली ग्रंथ छापून झाला, आणि मी अजून ‘विषयप्रवेश’ या पहिल्याच प्रकरणाच्या उंबऱ्यावर आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898चा. त्यात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. त्याच्या लांबलचक प्रस्तावनेतच माझा इतका दम गेला की पानिपतापर्यंत पोचलोच नाही. माझ्या लेखी सदाशिवरावभाऊ अजून सुखरूप आहेत.

या पद्धतीला आधार नाही असं समजू नका. बेकन नावाच्या इंग्रजानं 1597 सालच्या एका निबंधात, काही पुस्तकं नुसती चाखून ठेवायची असतात अशी मोकळीक देऊन ठेवली आहे. हा निबंध मी पूर्ण वाचला. दीड-दोन पानांचा आहे. आमच्या भागात मात्र असल्या वाचकांचा बंदोबस्त फार आधीच झालेला. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं ‘पंचीकरण’ हे वेदान्ताचं प्रकरण लांबच्या लांब कापडावर लिहिलं. तिला पानंच नाहीत, तेव्हा मधूनच उघडणार काय? माझ्यासारख्याच्या हाती द्यायची वस्तू नव्हे ती.

तर या माझ्या विद्वत्तेची कीर्ती एका शाळेपर्यंत गेली. 15 ऑक्टोबर, म्हणजे डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. ‘आपल्या मुलखावरचं एखादं जुनं पुस्तक सांगा,’ असं बोलावणं आलं. मी लगेच ‘तारा’ म्हणालो. विचार करण्याइतका वेळ घेतला तर लोकांना शंका येते.

‘तारा’ ही कर्नल मेडोज टेलरची इंग्रजी कादंबरी, 1863 साली तीन खंडांत निघालेली. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’वाला तोच हा टेलर. 1853च्या तहानं निजामानं नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या हवाली केला आणि त्याचा कारभार बघायला हा गृहस्थ आला. 1857त त्याला वऱ्हाडात बुलढाण्याला धाडेपर्यंत तो इथलाच. पाणीमहाल आणि नर-मादी धबधबे बघायला तुम्ही ज्या नळदुर्गच्या किल्ल्यात जाता, त्यातच तो राहायचा. आमच्या गावापासून हाकेवर म्हणा ना. आणि कादंबरीची सुरुवात थेट तुळजापुरात! नायिका तिथल्या व्यासशास्त्र्यांची मुलगी, बालविधवा. मी पहिला खंड मोबाईलवर उतरवून घेतला होता. पुढं ती भवानीला वाहिली जाते, इथवर मजल मारली. उरलेले दोन खंड उतरवायला जागा नव्हती. मोबाईलमध्ये बियाणांच्या बिलांचे फोटो होते.

भाषण मात्र झोकात झालं. टेलरनं 1657, 1757 आणि 1857 अशा शंभर-शंभर वर्षांच्या टप्प्यांवर ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या तीन कादंबऱ्या लिहिल्या, हे सांगितलं. अफजलखान मेला 10 नोव्हेंबर 1659ला, पण शंभरीचा पाढा जुळायचा तर दोन वर्षं कुठं नडतात, असा विनोदही केला. (हे सगळं प्रस्तावना चाळून जमतं.) मग चढत्या सुरात म्हणालो, ‘या साहेबानं आपल्या आईभवानीची थोरवी सातासमुद्रापार नेली! आणि शेवटी तारानं उभा जन्म देवीच्या पायाशी घातला!’ टाळ्या पडल्या. नवरात्राचे दिवस होते, पडणारच.

पुढच्या रांगेत एक निवृत्त गुरुजी बसले होते. इंग्रजीचे. ते टाळ्या संपेपर्यंत थांबले. माणूस सभ्य.

‘सर, तिन्ही खंड वाचलाव का?’

‘म्हणजे काय गुरुजी! पारायणं केलीत.’

‘मग अफजलखानाच्या पोराशी लगीन कुणी केलं?’

सभागृहात पंखे तेवढे फिरत होते. मी पाणी प्यालो. मग अजून प्यालो. गुरुजींनीच पोरांना सांगितलं: ताराला सती घालायला निघतात, खानाचा मुलगा फाजलखान तिला सोडवतो आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. ज्या खानाच्या नावानं तुळजापुरात आजही बोटं मोडतात, त्याच्याच घरची सून! आणि मी टेलरचा जयजयकार करून बसलो होतो. आता इथून चपला सापडतील का, असा विचार करतोय तोवर मागून आमचे बेकरीवाले मामू ओरडले, ‘म्हणजे सोयरिक जुनीच की सर!’ सगळं सभागृह हसलं. गुरुजीही हसले. नववीच्या दोन पोरींनी तिथंच विचारलं, हे पुस्तक मराठीत कुठं मिळेल? माझ्या आख्ख्या भाषणानं जे झालं नव्हतं, ते शेवट फोडल्यानं झालं.

घरी बायको म्हणाली, ‘शेवटचं पान तरी बघून जायचं.’ हे तिला कादंबऱ्यांविषयी वाटतं, माझ्या बी-बियाणांच्या उधारीच्या वहीविषयी वाटतं आणि माझ्याविषयीही वाटतं.

शाळेनं पुढच्या वर्षी टेलरच्याच ‘सीता’वर बोलायला सांगितलंय, आणि गुरुजी अध्यक्ष आहेत. प्रस्तावना माझी झाली आहे. तुमच्यापैकी कुणी ती शेवटापर्यंत वाचली असेल तर चार ओळी कळवाव्यात. पत्त्यावर तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव हे ठळक लिहा. लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे, ते तालुक्याचं गाव आहे, आणि आमची पत्रं तिकडंच जास्त रमतात.