पोट साफ होतंय ना?

मरणाबद्दल आपण बोलत नाही, असा आपल्यावर उगीचच आरोप होतो. आपण भरपूर बोलतो. कोण कसा गेला, कोणाचे किती हाल झाले, कोणाला देवाची फुलं काढता काढता आलं आणि ‘काय पुण्यवान हो!’, या विषयावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा आपली रसवंती वाहते. फक्त ज्याची वेळ जवळ आलीय त्याच्या खोलीत शिरलो की आपण हवापाण्यावर येतो. ‘यंदा उकाडा लवकर सुरू झाला’ हे वाक्य माझ्या मामांच्या पलंगाशी इतक्या जणांनी उच्चारलं की शेवटी मामाच आलेल्याला बसायच्या आधी सांगून टाकायचे, "उकाडा आहे. पंखा तीनवर करा आणि दुसरं काहीतरी बोला."

मामा गणिताचे निवृत्त मास्तर. स्वादुपिंडाचा कॅन्सर. केमो झाली, सोसेनाशी झाली, आणि एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसत सांगितलं, "आता करण्यासारखं काही राहिलं नाही. घरी न्या, सेवा करा." हे ‘सेवा करा’ आपल्याकडे मोठ्या भक्तिभावाने सांगतात, पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं ते मात्र प्रिस्क्रिप्शनवर लिहून देत नाहीत. रात्री अडीचला माणूस कळवळायला लागला तर काय करायचं? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस किती वेळाने बदलायची? उचकी थांबत नाही, तोंडाला कोरड पडलीय, पाय सुजलेत, झोप नाही. ‘काही राहिलं नाही’ म्हणतात त्यात एवढं सगळं राहिलेलं असतं.

भाचीने हॉस्पिसचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, नाव काढलं तेव्हा मामींनी पदर खोचला. "म्हणजे तिकडे नेऊन टाकायचं?" त्यांच्या मनात एक लांबलचक वॉर्ड होता आणि त्यात ओळीने परके लोक. भाचीने समजावलं की ही माणसं घरीही येतात. डॉक्टर, नर्स आणि सोशल वर्कर असा त्यांचा चमू असतो; फोनवर रात्रीही सापडतात; गरज पडली तरच त्यांच्या केंद्रात काही दिवस खाट मिळते. बऱ्याच संस्था त्याचे पैसेही घेत नाहीत. या शेवटच्या मुद्द्यावर मामींचा संशय उलट वाढला.

आलेली नर्स सांगलीकडची होती. मामींना वाटलं, आता बीपी, ऑक्सिजन, मशीन. बाईंनी खुर्ची पलंगाला लावली, मामांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काका, पोट साफ होतंय ना?"

मामींचा चेहरा एकदम उजळला. इतके महिने पेट स्कॅन, मार्कर, स्टेंट असल्या भाषेत घरातली सगळ्यात जुनी जाणकार व्यक्ती मुकी होऊन बसली होती. अखेर कोणीतरी त्यांच्या अभ्यासक्रमातला प्रश्न विचारला. त्यांनी इसबगोल, त्रिफळा, एरंडेल, कोमट पाण्यात तूप असा पुरा पट मांडला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, इसबगोल तेवढं बंद करा. काकांचं पाणी पिणं कमी झालंय. कमी पाण्यात ते आतच घट्ट होऊन बसतं." मग कळलं की प्रश्न गप्पांपुरता नव्हता. दुखण्यावर मॉर्फिन सुरू व्हायचं होतं आणि मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळपास होतोच. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर त्याच ओळीखाली जुलाबाचं औषध लिहायचं, हा त्रास कमी करण्याच्या या शास्त्राचा पहिला धडा.

मॉर्फिन म्हटल्यावर घरात पुन्हा सभा भरली. सवय लागेल, गुंगीत जातील, ते म्हणजे शेवटचं औषध. धाकट्या काकांनी तर "आणि पोलीस?" असंही विचारलं. हा प्रश्न वाटतो तितका विनोदी नाही. आपल्याच देशात, मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचकडे, सरकारी परवान्याने अफू पिकते. तिचा माल परदेशातल्या औषधकंपन्यांना जात आला. पण १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचं असं जंगल उभं केलं की पुढची कित्येक वर्षं इथल्या रुग्णालाच तिच्यातून निघणारी गोळी मिळेना. औषधांच्या दुकानदारांनी आणि डॉक्टरांनीही त्या भानगडीत पडणं सोडून दिलं. २०१४ साली कायदा बदलला, नियम सुटसुटीत झाले, तरी धाकट्या काकांच्या मनातला पोलीस अजून ड्यूटीवर आहे.

डॉक्टरांनी वहीत वेळा लिहून दिल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधे कोणाला उठायला नको. दुखो न दुखो, गोळी घड्याळावर घ्यायची. मामींना हे पटेना. दुखत नसताना गोळी म्हणजे उधळपट्टी. पण मामांना लगेच पटलं. वेळापत्रक या गोष्टीवर त्यांची आयुष्यभर श्रद्धा. तिसऱ्या दिवशी ते गुंगीत गेले नव्हते, उलट पेपरातलं सुडोकू सोडवत होते आणि ते फार सोपं असल्याची तक्रार करत होते.

घड्याळावर गोळी देण्याची ही रीत रूढ होण्यात सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंचा मोठा वाटा. बाई आधी नर्स होत्या. पाठीने दगा दिला म्हणून रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. १९४८ साली डेव्हिड टासमा नावाचा एक पोलिश ज्यू रुग्ण त्यांच्या नावे पाचशे पौंड ठेवून गेला, त्यांच्या मनातल्या, मरणाऱ्यांसाठीच्या घराला एक खिडकी म्हणून. घराचा अजून पत्ता नव्हता. एका सर्जननी त्यांना सांगितलं की मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच, तेव्हा आधी डॉक्टर व्हा. बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या आणि लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ साली उघडलं. खिडकीभोवती घर बांधायला एकोणीस वर्षं लागली. पुण्यात पुनर्विकासाला दिलेल्या सोसायटीत राहणाऱ्या माणसाला हा कालावधी अवाजवी वाटणार नाही. त्या स्वतः २००५ साली तिथेच गेल्या.

आपल्याकडे डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७पासून आहे. तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूसही राहतं. केरळात तर गल्लीतले शाळामास्तर, रिक्षावाले, गृहिणी शिकून घेऊन शेजारच्या आजाऱ्याकडे फेरी मारतात. आपल्या वाड्यांत पूर्वी हे होतंच, असं म्हणायचा मोह होतो. होतं, पण मॉर्फिनशिवाय होतं, हेही लक्षात ठेवावं.

तर मामा. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या, असं नर्सबाई दर भेटीत विचारायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क देणाऱ्या माणसाला हा प्रकार भलताच आवडला. एकदा त्यांनी साडेचार दिले. "अर्धा कशाचा, काका?" "चार पोटाचे. अर्धा काल आलेल्या व्याह्यांचा." बाई हसल्या, पण तो अर्धा त्यांनी वहीत लिहिला. साँडर्सबाईंचा सिद्धान्तच असा होता की दुखणं एकट्या शरीराचं नसतं. त्यात भीती असते, पैशाची चिंता असते, माणसं असतात, ‘माझ्याच वाट्याला का’ असतं, आणि या सगळ्याची बेरीज रुग्ण एकाच शब्दात सांगतो, दुखतंय. व्याह्यांवर गोळी नव्हती. पण पुढच्या आठवड्यापासून दारावर ‘भेटण्याची वेळ पाच ते सहा’ अशी पाटी लागली. पुण्यात ती कोणाला खटकली नाही.

आजाराचं नाव मामांना सांगायचं नाही, असं मामींनी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना बजावलं होतं. फाइल त्यांनी उन्हाळी कुरडयांच्या डब्यामागे ठेवली होती. सोशल वर्करबाईंनी तोडगा सुचवला: आपण सांगू नये, त्यांना विचारावं, की तुम्हाला किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचंय? विचारल्यावर मामा म्हणाले, "मला ८०डीडीबीचं सर्टिफिकेट हवंय. ते मिळालं की बाकी चर्चा." आयकराच्या ज्या कलमाखाली ठरावीक मोठ्या आजारांच्या उपचारांवर वजावट मिळायची, ते हे कलम. मास्तरांनी आपल्या आजाराचं निदान त्या यादीत शोधून ठेवलं होतं. चार महिने ते फक्त एका कागदासाठी अडून बसले होते आणि मागावा कोणाकडे हे त्यांना कळत नव्हतं, कारण त्यांना काही माहीत नाही असं घरात ठरलं होतं. कुरडयांच्या डब्यामागून फाइल आली. त्या रात्री दोघं बराच वेळ बोलत होते. काय बोलले ते मला माहीत नाही, मधूनच मामींचा "मग आधी नाही बोलायचं?" एवढा आवाज चढलेला ऐकू आला.

न्यू जर्सीच्या पुतण्याचा फोन आला तो घाबराघुबरा. "हॉस्पिस? म्हणजे सहा महिने?" त्याचंही चूक नव्हतं. तिकडे मेडिकेअर हॉस्पिसचा खर्च उचलतं, पण त्यासाठी आजार नेहमीच्या वाटेने गेला तर सहा महिन्यांहून जास्त नाहीत, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, आणि रुग्णाला आजार बरा करण्याच्या उपचारांवर पाणी सोडावं लागतं. माणूस त्यापुढे जगलाच तर पुन्हा तपासून मुदत वाढवतात. इकडे आपल्याला असली रेघ नाही. त्रास कमी करणारी ही माणसं केमो चालू असतानाही बोलावता येतात. बोलावावीत. बोस्टनला झालेला फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा एक अभ्यास २०१०मध्ये छापून आला. त्यात ज्यांना ही मदत निदानानंतर लवकरच मिळाली, ते शेवटी शेवटी कमी उपचार घेऊनही बाकीच्यांपेक्षा सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. ‘हॉस्पिसवाले आले म्हणजे संपलं’ म्हणणाऱ्या आमच्या धाकट्या काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, अमेरिकेतली हवा चांगली असते.

सगळ्यात मोठी लढाई जेवणाची. मामींचा जीव चमच्यात. मऊ भात, मुगाचं कढण, नाचणीची पेज, "दोनच घास, माझ्यासाठी." मामा दोन घास घेत आणि उलटी करत. डॉक्टरांनी मामींना स्वयंपाकघरातच गाठून सांगितलं की ते जेवत नाहीत म्हणून खंगत नाहीयेत. शरीर आवरतं घेतंय म्हणून भूक गेलीय. मागतील ते द्या, मागतील तेवढंच. ओठ ओले ठेवा, जिभेवर बर्फाचा तुकडा द्या. आणि हो, साखरेचं पथ्य सोडा.

मामा तीस वर्षांचे मधुमेही. त्यांचा बिनसाखरेचा चहा मामींनी मिलिटरी शिस्तीने सांभाळलेला. लग्नकार्यात त्या जिलबीच्या ताटाला स्वतः आडव्या जायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धा कप चहात दोन चमचे साखर घातली, ढवळायला गरजेपेक्षा फार वेळ लावला, आणि कप मामांच्या ओठाला लावला. मामांनी घोट घेतला. मामींकडे बघितलं.

"आलं कमी झालंय," ते म्हणाले.

मधे दहाएक दिवस मामा केंद्रात राहिले. दुखणं पुन्हा उसळलं होतं म्हणून नेलं, असं आम्ही सांगत होतो. ते खरंही होतं. पण दुसरं कारण मामी होत्या. त्या उभ्या उभ्या झोपायला लागल्या होत्या. घरच्या माणसाला झोप मिळावी एवढ्याचसाठीसुद्धा आजाऱ्याला भरती करून घेतात, हे ऐकून मी चकित झालो. आपल्याकडे सेवा करणाऱ्याला थकवा येतो हे कबूल करायचीच पद्धत नाही. तो सेवेतला कमीपणा ठरतो. पहिल्या रात्री मामी मामांशेजारच्या खाटेवर संध्याकाळी सातला आडव्या झाल्या त्या सकाळी सातला उठल्या आणि उठल्यावर पहिल्यांदा रागावल्या, की मला कोणी उठवलं का नाही.

शेवटचा आठवडा घरीच जावा, ही मामांची इच्छा होती, आणि ती विचारून घेतलेली होती. श्वास कसा बदलेल, घशात घरघर होईल ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितकी त्यांना जाणवत नसते, कुशीवर वळवा, हे सगळं नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवलं. रात्री-अपरात्री घाबरून कोणी मामांना उचलून आयसीयूत नेऊ नये म्हणून कोणाला फोन करायचा, मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देणार, ते नंबर फ्रिजवर दुधाच्या हिशोबाशेजारी चिकटवले. परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका हातात दिल्यासारखं झालं. पेपर अवघड गेला, पण अभ्यासाबाहेरचं काही आलं नाही.

नंतर नर्सबाई येऊन उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, सही घेऊन परत घेऊन गेल्या. मामींनी सोबत मेतकुटाचा डबा दिला.

तेराव्यानंतर भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरते, तशी ओसरली. साधारण त्याच सुमाराला सोशल वर्करबाईंचा फोन आला. "कशा आहात?" सवयीने मामींनी सुरू केलं, "शेवटी फार त्रास नाही झाला हो त्यांना, झोपेतच..." "ते कळलं मला. तुम्ही कशा आहात?"

मामी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "तसं बरंय. पण हा डावा गुडघा..." आणि जिन्यापासून सुरुवात झाली. गुडघा कधीपासून दुखतो, चढताना दुखतो की उतरताना, कोणतं तेल लावून पाहिलं, रात्री कोणत्या कुशीवर झोपवत नाही आणि मुख्य म्हणजे ह्यांच्या दुखण्यात तो सांगायचा कोणाला. पलीकडून बाई प्रश्न विचारत होत्या, कारण मामी मधेच "नाही, वाटीच्या आतल्या बाजूला" असं नेमकं उत्तर देत होत्या. कुकरची चौथी शिट्टी झाली तेव्हा गॅस मी बंद केला. मामी तेव्हा उजव्या गुडघ्याकडे वळल्या होत्या.