स्वस्तात मिळालेली गाडी

लखनौच्या वृंदावन योजनेत माणसाची पत त्याच्या दारातल्या गाडीवरून ठरते. रायबरेली रोडला लागून, पीजीआय रुग्णालयाच्या शेजारी आवास विकास परिषदेनं वसवलेली ही वसाहत. रस्ते ऐसपैस. 2020 च्या फेब्रुवारीत सेक्टर 15 मध्ये डिफेन्स एक्स्पो भरला, तेव्हा इथं रणगाडे येऊन गेले. तेव्हापासून इथल्या लोकांना लहान गाडी दारात लावायची लाज वाटते, असा माझा अंदाज आहे.

आमचे आप्पा मूळचे विट्याकडचे, गलाईवाले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून या धंद्यापायी देशभर पांगलेल्यांपैकी एक. लखनौच्या जुन्या चौक भागात त्यांचं दुकान. जुने दागिने आटवायचे, तेजाबात टाकायचे, शुद्ध सोनं काढून द्यायचं. घट मिलिग्रॅममध्ये मोजतात. दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत. साठवतात, जाळतात, धुतात आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. असा माणूस हिशेबात फसेल हे चित्रगुप्तालाही खरं वाटणार नाही.

पण आप्पांकडे दिल्लीहून आणलेली सात सीटांची जुनी डिझेल एसयूव्ही आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, आप्पांना वाईट वाटेल.

"स्वस्तात मिळाली हो!" हे आप्पांचं पालुपद. ते खरंही आहे. दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादानं 2015 मध्ये मनाई केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. मग आठ-नऊ वर्षं झाली की दिल्लीकर गाडी विकायला काढू लागले, आणि त्या गाड्या एनओसी घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. लखनौ एनसीआरच्या बाहेर. इथं गाडीला पंधरा वर्षांचं आयुष्य. यूपी 32 ची पाटी लागली की तिचा पुनर्जन्म झाला म्हणायचं. रोड टॅक्स पुन्हा भरावा लागला, पण आप्पांच्या मते तो गाडीचा खर्च नव्हे, सरकारचा.

गाडीची किंमत आप्पांच्या डोक्यात एका खात्यात आहे, आणि त्या खात्याला ते पुन्हा हात लावत नाहीत. बाकी सगळं दुसऱ्या खात्यात. चार टायर? "ते काय, कुठल्याही गाडीला घालावेच लागतात." एसीचा कॉम्प्रेसर बसला? "हा सीझनचा खर्च." क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मिळून सोळा हजार? "पोरगं क्लचवर पाय ठेवून चालवतं, त्यात गाडीचा काय दोष?" लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि शॉकअप असा अठरा हजारांचा फराळ झाला, तो शेजारच्या तेलीबागच्या रस्त्यांच्या नावावर गेला.

मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर होते. गाडी आली त्या दिवशी मी सहज खाली वाकून पाहिलं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर झिजून तुळतुळीत झालेलं, स्टिअरिंगचं कातडं हात फिरून फिरून चकाकणारं. बासष्ट हजारांत एवढी झीज होत नाही. मीटर मागे घेतलेलं असणार. गिऱ्हाइकाची अंगठी कसोटीवर घासल्याशिवाय हातात न धरणारे आप्पा म्हणाले, "दिल्लीचे लोक पाय जोरात दाबतात."

तेलीबागचा मिस्त्री लखनवी अदबीचा. बॉनेट उघडतो, नाडी पाहिल्यासारखा इंजिनवर हात ठेवतो आणि म्हणतो, "आप्पाजी, गाडी में जान बहुत है, बस जरा-सी तकलीफ है." ही जरा-सी तकलीफ हजाराच्या खाली कधीच नसते. एकदा चढावर गाडी ओढेना, मागून काळा धूर. आधी ईजीआर व्हॉल्व्ह काढून त्यातली काजळी साफ केली. मग इंजेक्टर तपासून आणले. शेवटी टर्बोच्या नळीत तेल सापडलं. "टर्बो ने इस्तीफा दे दिया," मिस्त्री अपार दुःखानं म्हणाला. नवा चाळीस हजार, दुरुस्त केलेला बावीस. आप्पांनी बावीसचा घेतला आणि घरी येऊन अठरा हजार वाचवल्याचं सांगितलं.

मिस्त्रीनं तेव्हा समजावलं होतं, की टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं आणि तरंगतं ते इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. लांबून आल्या आल्या चावी फिरवली की तेल थांबतं, तापलेल्या जागी जळून चिकटतं. पटण्यासारखं आहे. पण आप्पांना ते जरा जास्तच पटलं. भाच्याच्या लग्नाला गाडी हॉलच्या दाराशी थांबली, बॅन्डवाले वाजवायला लागले, व्याही फेटा सावरत पुढे आले, आणि आत पैठण्या नेसलेल्या चार बायका व दोन पोरं तशीच बसून. आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून: "कुणी उतरायचं नाही, टर्बो थंड होतोय." गाडी चालू ठेवायला लागते, माणसं नाही, हे काकूंनी त्यांना सांगून पाहिलं. तोवर व्याह्यांनी दोनदा नमस्कार केला होता.

चौकाच्या गल्लीत ही गाडी शिरत नाही, म्हणून आप्पा रोज स्कूटरनं जातात. एसयूव्ही निघते ती गावच्या जत्रेला: झाशी, शिवपुरी, इंदूर, धुळे करत विट्यापर्यंत. येताना बिजासन घाटात तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला, की आप्पा भर उन्हाळ्यात एसी बंद करून हीटर लावतात. इंजिनची उष्णता अशी बाहेर काढता येते, हे शास्त्र बरोबर आहे. ती उष्णता सीटवर बसलेल्यांच्या अंगावर येते, एवढंच.

अखेर काकूंच्या हट्टापायी गेल्या दिवाळीआधी एक दलाल गाडी बघायला आला. सव्वादोन लाख म्हणाला. आप्पा उसळले. आत जाऊन कॅरीबॅग घेऊन आले आणि टीपॉयवर उपडी केली: टर्बोची चिठ्ठी, क्लचची, कॉम्प्रेसरची, टायरची, शॉकअपची. इतकी वर्षं गाडीच्या खात्यात न बसलेला पै-पैचा हिशेब एका मिनिटात तिच्या किमतीत येऊन बसला. "बघा, सगळं नवं घातलंय!"

दलालानं चष्मा लावून एकेक चिठ्ठी शांतपणे वाचली. "इतना काम निकला है इसमें?" तो म्हणाला. "फिर तो दो लाख."

आप्पांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, दलालाला चहा पाजला, आणि तो गेल्यावर तेलीबागला फोन लावला. ग्लो प्लग बदलून घ्यायचे होते, थंडी येत होती.