टस्कनीत गरिबी महाग आहे

युरोपची टूर करून आलेला माणूस कसा ओळखायचा? तो ‘इटलीला गेलो होतो’ म्हणत नाही, ‘टस्कनी केलं’ म्हणतो.

टस्कनी म्हणजे कॅलेंडर. टेकडीवर दगडी गाव, उतारावर द्राक्षांचे मळे, वळणावळणाची पांढरी वाट, तिच्या कडेला सायप्रसची झाडं शिस्तीत उभी. बसमधून हे दिसलं की कुणीतरी उसासा टाकतोच: ‘काय जपलंय हो या लोकांनी! नाहीतर आपण.’

जपलंय? थांबा जरा.

सान जिमिन्यानो घ्या. मनोऱ्यांचं गाव म्हणून प्रत्येक टूरवाला तिथे दोन तास सोडतो. रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर हे गाव होतं, केशराचा व्यापार होता, पैसा खुळखुळत होता. श्रीमंतांनी ७२ मनोरे बांधले. राहायला? छे. शेजाऱ्याच्या नाकावर टिच्चून.

आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची ही तिथली दोन हाडवैरी घराणी. एक पोपच्या बाजूचं, दुसरं सम्राटाच्या. दोघांना उंची हवी. शेवटी १२५५ मध्ये गावाने कायदा केला, की सरकारी मनोऱ्यापेक्षा उंच कुणी बांधायचं नाही. साल्वुच्चींचे जोडमनोरे आजही उभे आहेत. एकाने भागेना, म्हणून दोन.

पुढे १३११ मध्ये गावाच्या कारभाऱ्यांनीच ५४ मीटरचा तोरे ग्रोसा पुरा केला. सगळ्यात उंच. उंचीची मर्यादा नागरिकांसाठी असते, कार्यालयासाठी नसते. एवढं सांगायला इटलीचा गाइड कशाला हवा?

मग १३४८ चा प्लेग आला. पाच वर्षांत गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं. व्यापाराची वाट खालच्या खोऱ्यात सरकली आणि गाव वर टेकडीवर बसून राहिलं. श्रीमंत शहरं जुनं पाडून नवं बांधत होती. फ्लॉरेन्समध्येही असेच मनोरे होते, ते छाटले गेले. सान जिमिन्यानोकडे पाडायलाही पैसे नव्हते.

म्हणून उरले.

७२ पैकी १४. त्या चौदांसाठी १९९० मध्ये युनेस्कोने गाव जागतिक वारशाच्या यादीत घातलं. जपणूक वगैरे नंतरची. आधी नुसती कडकी होती, तीही शतकानुशतकं.

आज तिथल्या गल्लीत काय आहे? चामड्याच्या पिशव्या, चुंबकं, दारातच मांडलेलं रानडुकराचं भुसा भरलेलं डोकं, आणि छळाच्या अवजारांचं संग्रहालय. मे ते सप्टेंबर भरदुपारी त्या गल्लीतून चालणं हा वेगळा छळ. त्याचं तिकीट लागत नाही.

आता पिएन्झा. इथे मात्र गरिबी नव्हती, हौस होती. कोर्सिन्यानो नावाच्या किरकोळ खेड्यात जन्मलेला मुलगा १४५८ मध्ये पोप झाला, दुसरा पायस. पोप झाल्या झाल्या पहिलं काम? जन्मगावाचा कायापालट. गावाला स्वतःचं नाव. आणि आपल्याला वाटतं, मतदारसंघाचा विकास हा आपला शोध!

वास्तुविशारद रोस्सेल्लिनो. तीनेक वर्षांत चौक, कॅथीड्रल, राजवाडा उभा. खर्च अंदाजपत्रकाच्या दुपटीहून वर. चौकशी? पोपमहाराज बांधकाम बघून इतके खूश झाले, की खर्च कमी सांगून फसवल्याबद्दल रोस्सेल्लिनोची पाठ थोपटली. हे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. आपल्याकडे निदान लिहून ठेवत नाहीत.

कॅथीड्रलमध्ये भरपूर उजेड हवा म्हणून ते पार टेकडीच्या कडेला नेलं. कडेची जमीन भुसभुशीत. मागची बाजू तेव्हापासून खचते आहे आणि भिंतीला तडे आहेत. तरी पोपचा हुकूम आहेच: या इमारतीत कुणीही काहीही बदल करायचा नाही.

जमिनीला तो हुकूम कुणी वाचून दाखवलेला नाही.

पिएन्झाच्या तटावरून दिसतं ते ओर्चा खोरं. ‘ग्लॅडिएटर’मध्ये हीरो गव्हातून हात फिरवत जातो, ते सगळ्यांना आठवतं. २००४ पासून हे खोरंही जागतिक वारसा. निसर्ग बघा, निसर्ग! अहो, निसर्ग कसला? ती वाट माणसाने वळवलेली, झाडं माणसाने लावलेली, टेकड्या माणसाने नांगरलेल्या. आणि तो नांगरणारा कोण होता?

मेद्झाद्रो. अर्धेलीने कसणारा. जमीन मालकाची, घाम याचा, पीक अर्धं अर्धं. नियम फक्त पिकापुरता नव्हता. कुटुंबात कुणाचं लग्न व्हावं, कुणी घर सोडून जावं, यातही मालकाला विचारावं लागे. आपण ज्याला ‘फार्महाउस’ म्हणून फोटोत पकडतो, त्याच्या खालच्या मजल्यावर बैल बांधलेले असत आणि वर त्यांच्या उबेवर माणसं झोपत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने निघाले आणि ही माणसं टेकड्या उतरून पळत सुटली. १९६४ मध्ये सरकारने अर्धेलीचे नवे करार बंद केले, तोवर कित्येक घरं ओस पडली होती. ओसाड जमिनी कुणी घेतल्या? बऱ्याच सार्डिनियाच्या धनगरांनी. मेंढरं घेऊन ते समुद्र ओलांडून आले. आज पिएन्झाचं म्हणून जे मेंढीच्या दुधाचं चीज आपण ‘अस्सल स्थानिक’ समजून पिशवीत भरतो, त्यामागे या परप्रांतीयांचे हात आहेत.

तिथे अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

उरलेली घरं इंग्रज आणि जर्मन लोकांनी घेतली. इतकी, की कियांतीच्या मुलखाला इंग्रज कौतुकाने आपल्याच परगण्यांच्या धर्तीचं नाव देऊ लागले. १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा झाला. १९९६ मध्ये एका अमेरिकन बाईंचं कोर्तोनातल्या जुन्या घराच्या डागडुजीवरचं पुस्तक गाजलं, २००३ मध्ये त्यावर सिनेमा निघाला. गोठ्यात आता स्पा आहे, खळ्यावर पोहण्याचा तलाव. ज्या खोलीतून मेद्झाद्रोचा पोरगा ‘इथे जन्म काढणार नाही’ म्हणून पळाला, त्या खोलीत आपण एका रात्रीचे तीनशे युरो मोजून म्हणतो, ‘इथेच राहावंसं वाटतं हो!’

राहा की. बैलांसकट.

जेवणाचं तेच. रिबोल्लिता म्हणजे कालचं भाजीचं सूप, शिळा पाव घालून आज पुन्हा उकळलेलं. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे शिळा पाव आणि टोमॅटो. पान्झानेल्ला म्हणजे शिळा पाव भिजवून, पिळून केलेली कोशिंबीर. थोडक्यात, फोडणीच्या पोळीचं खानदान. घरी फोडणीची पोळी वाढली तर ‘आज स्वयंपाक केला नाही वाटतं?’ विचारणारे गृहस्थ इथे बारा युरो देऊन डोळे मिटतात. पावात मीठ नाही, हेही त्यांना संस्कृती वाटतं. आणि बिलात ‘कोपेर्तो’ लागतो, म्हणजे टेबलाशी बसल्याचे पैसे. तो बघितल्यावर डोळे उघडतात.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांची वेगळीच गंमत. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी, वेशीवर कॅमेरा. ना शिट्टी, ना मामा, ना ‘साहेब, जाऊ द्या ना’. आपण आरामात मुंबईला परततो, फोटो टाकतो, लाइक मोजतो. काही महिन्यांनी दंडाचं पत्र येतं. त्याआधी गाडीवाल्या कंपनीने आपला पत्ता पोलिसांना दिल्याबद्दल आपल्याच कार्डातून वेगळी फी कापलेली असते. एवढ्या जुन्या देशात एवढी नवी कार्यक्षमता!

सिनेमावाल्यांनाही गाव कुठलं याची पडलेली नसते. रक्तपिपासू प्रेमिकांच्या त्या गाजलेल्या मालिकेतल्या कादंबरीत गाव आहे व्होल्तेर्रा. २००९ चा सिनेमा शूट झाला मोन्तेपुल्चानोत. चाहते दोन्हीकडे जातात. दोन्हीकडे दुकानं आहेत.

कळस म्हणजे शेजारच्या लात्सिओतलं चिव्हिता दी बान्योरेज्यो. खालची माती ढासळतेय, कडे तुटतायत, गाव वर्षानुवर्षं आक्रसतंय. पोहोचायला एक लांबलचक पादचारी पूल, कायमचे रहिवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जाहिरात काय? ‘मरणारं गाव’. २०१३ पासून आत जायला तिकीट. त्या तिकिटांवर तालुक्याची तिजोरी भरली. जिवंत असताना त्या गावाकडे कुणी फिरकत नव्हतं. मरायला लागलं आणि रांग लागली.

आता आपल्या बसकडे या. सकाळी पिसा: मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो. दुपारी सान जिमिन्यानो: दोन तास, त्यातला एक प्रसाधनगृहाच्या रांगेत. संध्याकाळी फ्लॉरेन्सच्या बाहेर कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीतलं हॉटेल, आणि तिथे टूरच्या महाराजांनी केलेली बटाट्याची भाजी, वरण-भात. टस्कनी झालं.

बसमध्ये पुण्याचे, ठाण्याचे, नाशिकचे मिळून चाळीसजण. पण त्यांची बस जिकडे वळत नाही ते, टस्कनीला लागूनच असलेलं उम्ब्रिया. तिथे वरच्या तिबेर खोऱ्यात मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. दगडी वेस, अरुंद गल्ल्या, खाली शेतं. कॅलेंडरला लागतं ते सगळं आहे. गर्दी तेवढी नाही.

दुसऱ्या महायुद्धात या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी शत्रूच्या मशीनगनच्या तोंडी सापडली. तुकडीत नाईक यशवंत घाडगे सोडून बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मोर्च्यावर धावून गेले, हातगोळ्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. दुसरं मॅगझिन भरायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. मग आडून आलेल्या गोळ्यांनी ते गेले. वय २२. गाव रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळचं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर मिळाली नाही. कासिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेकरांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या देशातल्या टेकडीवरच्या चिमुकल्या गावाने, एका कोकणी पोरासाठी. जपणं म्हणतात ते हे असतं. याला कडकी लागत नाही, आठवण लागते.

उम्ब्रियातल्या पेरुजाहून मोंतोनेला जायला तासही लागत नाही. मराठी टूरच्या कार्यक्रमपत्रिकांत सहसा ते नसतं. पिसाचा वाकडा मनोरा मात्र कुणी चुकवत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला पैसे भरण्याआधी टूरवाल्याला एवढंच विचारा: मोंतोने आहे का? तो म्हणेल, ‘तिथे बघायला काय आहे?’

त्याला सांगा, आमचा माणगावचा माणूस आहे.