टूथपेस्टला कुलूप

सॅन फ्रान्सिस्कोतल्या औषधांच्या दुकानात टूथपेस्ट कुलूपबंद असते. शाम्पू, दाढीची पाती, कपडे धुण्याची पावडर, सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या दाराआड. बटण दाबायचं, घंटी वाजते, आणि गल्ल्यावरची एकुलती एक बाई हातातलं बिल अर्धवट टाकून किल्ल्यांचा जुडगा घेऊन येईपर्यंत ताटकळायचं. माझ्या शेजारी वॉकर धरून उभ्या असलेल्या चिनी आजींना खोकल्याचं औषध हवं होतं. दार उघडलं. त्यांनी बाटली घेतली, चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ नेली, नको तीच निघाली म्हणून परत ठेवली. दुसऱ्या कपाटासाठी पुन्हा घंटी. तेवढ्यात एक धडधाकट तरुण खांद्यावरची पिशवी ठासून भरून सरळ दारातून बाहेर पडला. रखवालदार बघत राहिला. त्याला हात लावायची परवानगीच नाही.

आजींसाठी कुलूप, चोरासाठी दार उघडं. या शहराचं गेल्या दहा वर्षांचं राजकारण त्या दुकानात उभं राहिलं की कळतं.

मी उजव्या विचारांचा माणूस आहे आणि खाडीपलीकडच्या गावात राहतो, म्हणजे या शहराच्या कारभारात मला मत नाही. पण इथे काम केलंय, कर भरलाय आणि मनापासून या शहरावर जीव लावलाय. म्हणून राग येतो. आणि राग कुणावर काढायचा याबद्दल इथे संभ्रम नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा शेवटचा रिपब्लिकन महापौर जॉर्ज क्रिस्टोफर. त्यांची कारकीर्द 1964 च्या जानेवारीत संपली. त्यानंतर साठहून अधिक वर्षं एकाच पक्षाचे महापौर. इथे जे झालं, ते त्यांनी केलं.

सुरुवात 2014 पासून करू. त्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 47 मंजूर केला. 950 डॉलरच्या आतली चोरी किरकोळ गुन्हा ठरली, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती पहिली की पंधरावी याने फरक पडेनासा झाला. स्वतःपुरते अमली पदार्थ बाळगणं हाही किरकोळ गुन्हा. यावर ठरलेलं उत्तर येतं: टेक्सासमध्ये तर मर्यादा 2,500 डॉलर आहे! आहे ना. पण टेक्सासमध्ये चोरीसाठी दोनदा शिक्षा झालेला माणूस तिसऱ्यांदा सापडला, की रक्कम कितीही लहान असो, गंभीर गुन्हा लागतो. प्रश्न आकड्याचा नव्हताच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. काळ सोकावला.

या कायद्याचा दुसरा परिणाम जास्त वाईट होता आणि त्यावर फार कमी बोललं जातं. व्यसनी माणसांसाठी इथे वेगळी न्यायालयं आहेत: उपचार पूर्ण कर, खटला मिटवतो; नाही केलास तर तुरुंग. ही टांगती तलवार होती म्हणून माणसं उपचाराला बसत. तलवारच काढून घेतल्यावर कोण कशाला वर्षभर उपचार घेईल? अनेक जिल्ह्यांत या न्यायालयांकडे येणारी माणसं रोडावली. आणि नेमक्या त्याच वर्षांत बाजारात फेंटानिल उतरलं, ज्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, माणसाला मारायला पुरतात. 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने 800 हून अधिक माणसं मेली. शहराची लोकसंख्या साधारण सव्वाआठ लाख. जवळजवळ हजारामागे एक माणूस, एका वर्षात.

यातली बरीच माणसं टेंडरलॉइनमध्ये आणि त्याला लागून असलेल्या साउथ ऑफ मार्केटमध्ये गेली. टेंडरलॉइन ही शहराच्या ऐन मध्यातली वस्ती, सिटी हॉलच्या सोन्याच्या घुमटापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. बाहेरून येणाऱ्या पत्रकाराला तिथे फक्त फुटपाथवर कमरेत वाकून, हात जमिनीकडे लोंबकळत, उभ्या-उभ्या गोठलेली माणसं दिसतात. पण ती मुलाबाळांची वस्ती आहे. व्हिएतनामी, येमेनी, लॅटिनो कुटुंबं एकेका खोलीत राहतात, कारण या शहरात त्यांना परवडणारं दुसरं काही नाही. शाळा सुटायच्या वेळी तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर चमकदार जाकिटं घातलेली मोठी माणसं उभी राहतात. सेफ पॅसेज नावाचा तो उपक्रम वस्तीतल्या आयांनीच सुरू केला. मुलांची रांग येते, पुढचा माणूस गर्द विकणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगतो, मागचा शेवटच्या पोराकडे लक्ष ठेवतो. रस्त्यात काही पडलं असेल तर रांग रस्ता ओलांडते. रोज.

या आयांवर ही पाळी कोणी आणली? शहराकडे पैसा नाही म्हणावं, तर वार्षिक अंदाजपत्रक 15 अब्ज डॉलरच्या घरातलं. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचं. सॅन फ्रान्सिस्कोचं त्याच्या दीडपटीहून जास्त भरतं, आणि लोकसंख्या मुंबईच्या पंधराव्या हिश्श्याएवढी. विमानतळ, तुरुंग, सरकारी इस्पितळ याच खात्यात येतं, हे मान्य. तरीही हजारो माणसं उघड्यावर झोपतात.

उघड्यावरचं मरण चालू असताना शहर काय करत होतं? शहराच्या पैशातून गर्द ओढायला लागणारी फॉइल आणि नळ्या वाटल्या जात होत्या. कारण असं दिलं जाई की सुईपेक्षा धूर कमी धोक्याचा. सुया वाटून एचआयव्ही रोखला, ते काम चांगलं होतं, मी त्याच्या बाजूने आजही बोलेन. पण सुईच्या बदल्यात सुई घेणारा दवाखाना वेगळा आणि भर रस्त्यात सामान हातात ठेवून पुढे निघून जाणं वेगळं. उपचाराचा शब्दही न काढता हे वाटप करायचं नाही, असा साधा नियम यायला 2025 उजाडलं.

घरांचंही तेच. 2016 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की बेघरांसाठीच्या राज्याच्या सगळ्या योजनांत आधी घर द्यायचं, व्यसन सोडण्याची अट घालायची नाही. काही माणसांना याचा फायदा होतो, हे खरंच आहे. पण सरसकट सगळ्यांना हाच एक मार्ग ठेवला, म्हणून नशा सोडून शुद्धीवर राहू पाहणाऱ्याला शेजारच्या खोलीत चोवीस तास गर्द चालणारी इमारत मिळाली. अशा इमारतींतल्या बंद दारांआड माणसं मेली. आणि 2024 च्या एप्रिलमध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांचा अहवाल आला: पाच वर्षांत बेघरांवर सुमारे 24 अब्ज डॉलर खर्च झाले, आणि त्यातून काय साधलं याची सातत्याने नोंद ठेवलेली नाही. चोवीस अब्ज! आपल्याकडे एखाद्या ग्रामपंचायतीने विहिरीचा हिशोब असा दिला असता, तर सरपंचाला गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

बरं, घरं बांधू तरी द्यायची? 469 स्टीव्हनसन स्ट्रीट. डाउनटाउनमधला वाहनतळ, नॉर्डस्ट्रॉम या मोठ्या दुकानाची गिऱ्हाइकं तिथे गाड्या लावत. त्या जागेवर 495 घरांचा प्रस्ताव होता, त्यातली काही परवडणाऱ्या दरातली. 2021 च्या ऑक्टोबरात शहराच्या नगरसेवकांच्या मंडळाने तो 8 विरुद्ध 3 मतांनी अडवला. पर्यावरण अहवाल अपुरा म्हणे. डांबराच्या पट्ट्यावर कसलं पर्यावरण बिघडणार होतं, ते मंडळच जाणे. दोन वर्षांत नॉर्डस्ट्रॉमनेच डाउनटाउनमधलं दुकान बंद केलं. ज्या गाड्यांसाठी ती जागा होती, त्या गाड्याही गेल्या.

नोई व्हॅलीतल्या चौकात एका शौचकूपाच्या स्वच्छतागृहाचा खर्च 2022 मध्ये 17 लाख डॉलर धरला होता. बोभाटा झाला, एका कंपनीने तयार स्वच्छतागृह फुकट दिलं, तरी ते बसायला 2024 उजाडलं. याहून जास्त त्यावर लिहिण्यात अर्थ नाही.

शाळांवर मात्र लिहिलंच पाहिजे, कारण त्यात आपली मुलं आहेत. 2014 मध्ये शहराच्या शाळांनी आठवीतलं बीजगणित काढून टाकलं. हुशार मुलं पुढे जातात, बाकीची मागे राहतात, हे अन्यायाचं आहे, असा विचार. झालं काय, तर ज्यांच्या खिशात पैसा होता, त्यांनी शिकवण्या लावल्या नाहीतर खासगी शाळा गाठली. गोऱ्यागोमट्या वस्तीतल्या डॉक्टरच्या मुलाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते व्हिसिटेशन व्हॅलीतल्या बस ड्रायव्हरच्या हुशार मुलीचं, जिच्याकडे शाळेशिवाय दुसरा मार्ग नव्हता. फ्रीमाँट-क्युपर्टिनोतल्या मराठी घरांत तेव्हा हीच चर्चा होती, कारण राज्याच्या गणिताच्या आराखड्याचा पहिला मसुदा याच प्रयोगाचा दाखला देत होता. ही पीडा आपल्या दारात येणार होती. पालक उठले, गणिताचे प्राध्यापक उठले, मसुदा मवाळ झाला. सॅन फ्रान्सिस्कोत बीजगणित परत आणायचा निर्णय व्हायला 2024 उजाडलं. दहा वर्षांत किती तुकड्या आठवीतून पुढे गेल्या, त्यांना ते वर्ष कोण परत देणार?

आणि 2021 च्या जानेवारीत, शाळांना कोविडमुळे टाळं असताना, मुलं घरात पडद्यासमोर सुकत असताना, शिक्षण मंडळाने 44 शाळांची नावं बदलायचा ठराव केला. यादीत वॉशिंग्टन होते. लिंकनही. पुढच्याच महिन्यात लॉवेल या गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या शाळेत सोडत पद्धत आणली.

पण इथून पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. या शहरात नोंदलेले रिपब्लिकन मतदार शंभरात दहासुद्धा नाहीत. तरी 2022 च्या फेब्रुवारीत मतदारांनी शिक्षण मंडळाच्या तीन सदस्यांना दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी घरी पाठवलं. त्याच वर्षी जूनमध्ये सरकारी वकील चेसा बुडीन यांना मुदतीआधीच परत बोलावलं. 2024 च्या मार्चमध्ये पोलिसांना जास्त अधिकार दिले, आणि शहराचा रोख भत्ता घेणाऱ्यांवर व्यसनाच्या तपासणीची अट घातली. नोव्हेंबरात महापौर लंडन ब्रीड हरल्या. त्याच दिवशी राज्यात प्रस्ताव 36 सुमारे 68 टक्के मतांनी मंजूर झाला: दोनदा शिक्षा झालेल्याने तिसऱ्यांदा चोरी केली तर गंभीर गुन्हा लागू शकतो, आणि वारंवार गर्दसह सापडणाऱ्यापुढे पुन्हा तोच पर्याय, उपचार नाहीतर तुरुंग. गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी या प्रस्तावाला विरोध केला होता. सॅन फ्रान्सिस्कोने, जिथले ते एकेकाळी महापौर होते, तो बहुमताने उचलून धरला.

हे मतदार माझ्या पक्षाचे नाहीत. या लढतींत पुढे होते ते चिनी वस्तीतले आजी-आजोबा, सनसेट डिस्ट्रिक्टमधले छोटे दुकानदार, शाळेत मुलं असलेले पालक. सुव्यवस्था हा श्रीमंतांचा हट्ट आहे, असं आम्हाला वर्षानुवर्षं सुनावलं गेलं. श्रीमंताला सुव्यवस्था विकत घेता येते. त्याच्या इमारतीत दरवान असतो, गाडी तळघरात असते. पोलीस लागतो तो बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला.

फरकही दिसतोय. गाड्यांच्या काचा फोडण्याचे प्रकार खूप कमी झाले, अतिसेवनाचे मृत्यू 2024 मध्ये आदल्या वर्षापेक्षा कमी झाले, त्या वर्षी खुनांचा आकडा साठेक वर्षांतला सर्वांत कमी होता. यात फेंटानिलच्या बाजाराचा आणि इतर कारणांचाही वाटा आहे, देशभर आकडे उतरलेत. पण काहीच करता येत नाही, दारिद्र्याची मुळं खोल आहेत, असं सांगणारे आता गप्प आहेत.

राहिलं एक. प्रस्ताव 36 मध्ये पैशांची तरतूद नव्हती. न्यायाधीशाने उपचार की तुरुंग असं विचारलं आणि आरोपी उपचार म्हणाला, तर त्याला ठेवायला खाट हवी, समुपदेशक हवा, लक्ष ठेवणारा अधिकारी हवा. ती जबाबदारी सॅक्रामेंटोतल्या त्याच राज्य सरकारची आहे, ज्याने हा प्रस्ताव पडावा म्हणून जोर लावला होता. हिशोब नसलेल्या चोवीस अब्जांच्या वाटेने दरवर्षी जो पैसा जातो, त्यातून या खाटा आधी काढा. रक्कम, जिल्हा, खाटांची संख्या, सगळं छापून लोकांसमोर ठेवा. दर तीन महिन्यांनी.