अठ्ठावीस अक्षरांचे ‘जैसे थे’

‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ या इंग्रजी शब्दात 28 रोमन अक्षरे आणि 12 उच्चारखंड आहेत. मुख्य आघात आठव्या खंडावर, ‘टे’वर पडतो, म्हणजे सात पायऱ्या चढेपर्यंत दम राखून ठेवावा लागतो. शेवटच्या ‘म’ला लेखनात स्वतःचा स्वरही मिळालेला नाही.

शब्दाच्या पोटात ‘एस्टॅब्लिश’ हे क्रियापद आहे. चर्चच्या संदर्भात त्याचा अर्थ राजमान्यता देणे. ‘डिस’ ती काढून घेतो, ‘अँटि’ त्या काढण्याला आडवा येतो. ‘मेंट’ने नाम होते, ‘एरियन’ने समर्थक माणूस आणि ‘इझम’ने त्याचे तत्त्वज्ञान. एवढी जुळवाजुळव करून मागणी काय, तर आहे ते राहू द्या!

हा वाद एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधला. आयर्लंडमधील अँग्लिकन चर्चची राजमान्यता पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या 1869 च्या कायद्याने 1871 मध्ये संपली, वेल्समधली 1920 मध्ये. इंग्लंडात मात्र ती टिकली आणि 26 बिशप आजही संसदेच्या लॉर्ड्‌स सभागृहात बसू शकतात. त्यांच्या बाजूचा हा शब्द वादात फारसा कोणी वापरत नाही. लांबलचक शब्दांच्या यादीत मिरवणे, एवढीच त्याची आता नोकरी.